जुन्या तबकड्या आणि नवा फोनो प्रीअँप

दारव्हा हें यवतमाळ जिल्ह्यांतील, कापसाच्या मुलुखांतलें, तालुक्याचें गांव. यवतमाळहून मूर्तिजापूरकडे जाणारी अरुंद मापाची आगगाडी या गांवावरून धांवत असे. किलिक निक्सन या पेढीनें वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत पोंचविण्यासाठीं हा फांटा घातला होता. आतां ती गाडी बंद आहे; मूर्तिजापूर मात्र पूर्वीप्रमाणेंच मुंबई-नागपूर-हावडा या हमरस्त्यावर आहे, आणि ग्रामोफोनच्या इतिहासांत या हमरस्त्याचीं दोन्ही टोंकें महत्त्वाचीं ठरलीं. एका टोंकास कलकत्त्याजवळ दमदम येथें तबकड्यांचा कारखाना होता. दुसऱ्या टोंकास मुंबई, जेथें मराठी गायक-गायिकांचें मुद्रण होई. किल्लीच्या ग्रामोफोनाला वीज लागत नसे, ही त्याची मोठी सोय. नाटक मंडळ्या वऱ्हाडांत येत त्या बहुधा अमरावती-अकोल्यासारख्या मोठ्या गांवीं मुक्काम करीत; लहान गांवच्या रसिकाला मात्र तबकडी आणि किल्ली एवढ्या भांडवलावर तेंच गाणें घरीं ऐकतां येई.

अशा घरांतून लाखेच्या तबकड्यांची एखादी पेटी अजूनहि माळ्यावर निघते. नातवंडें हौसेनें नवें टर्नटेबल आणतात, पेटींतली एक तबकडी त्यावर चढवितात आणि त्यांची निराशा होते. आजोबांच्या तोंडून ज्या गाण्याची एवढी कीर्ति ऐकली तें असें घुसमटलेलें, पांघरुणाखालून आल्यासारखें कां? मग चौकशी सुरू होते. कोणी सांगतो, ॲम्प्लिफायर बदला. कोणी सांगतो, फोनो प्रीअँप भारी घ्या. दुसरा सल्ला अर्धा खरा आहे. प्रीअँपकडे पाहावयाचें हें ठीक, परंतु तो किती भारी आहे याहून तो कोणत्या सालच्या तबकडीसाठीं बांधला आहे हा प्रश्न आधींचा आहे, आणि त्याचें उत्तर दुकानदाराच्या पत्रकांत नसून ध्वनिमुद्रणाच्या इतिहासांत आहे.

हें यंत्र करतें तरी काय? तबकडीच्या खांचेंत सुई थरथरते, तिच्या मागें असलेलें सूक्ष्म चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळ हलतें आणि त्या हालचालींतून विजेची अगदीं क्षीण लहर निघते: साधारण पांच मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा दोनशेंवा भाग. चुंबक स्थिर ठेवून वेटोळेंच हलविण्याची दुसरी, अधिक नाजूक रीत आहे. तींत तर याच्याहि एक-दशांश किंवा त्याहून कमी वीज निघते. एवढ्याशा लहरीनें ॲम्प्लिफायर जागा होत नाहीं. म्हणून प्रीअँपनें ती आधीं शंभरपट वाढवावयाची, आणि हलत्या वेटोळ्याची सुई असेल तर सुमारें हजारपट. हें पहिलें काम सर्वांस ठाऊक असतें, आणि जाहिरातींत त्याचेंच वर्णन असतें.

दुसरें काम सहसा कोणी सांगत नाहीं. खांचेंत कोरलेला ध्वनि हा मूळ ध्वनि नसतो. मंद्र स्वर जसाच्या तसा कोरूं म्हटलें तर सुईला फार मोठे झोके द्यावे लागतात. एकाच वेगाच्या हिशेबानें सेकंदाला पन्नास कंपनांच्या स्वराचा झोका हजार कंपनांच्या स्वराच्या वीसपट रुंद होतो. खांचा इतक्या रुंद झाल्या तर एक खांच शेजारणींत शिरेल, आणि न शिरावी म्हणून अंतर वाढवावें तर तबकडीवर दोन मिनिटांचेंहि गाणें मावणार नाहीं. म्हणून मुद्रण करतांना मंद्र भाग मुद्दाम कमी करतात. उलट, तबकडीची स्वतःची खरखर तार भागांत अधिक असते. म्हणून पुढल्या काळांत तार भाग मुद्दाम चढवून कोरूं लागले, कीं वाजवितांना तो उतरविला म्हणजे त्याबरोबर खरखरहि उतरावी. जें कमी केलें तें भरून काढणें व जें चढविलें तें उतरविणें हें प्रीअँपचें खरें काम. देणाऱ्यानें किती कमी करून दिलें हें घेणाऱ्यास ठाऊक असेल तरच हिशेब जुळतो. जुन्या तबकड्यांच्या बाबतींत घोळ होतो तो येथेंच.

आरंभीच्या काळांत असा हिशेबच नव्हता. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजान प्रभृतींचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां गायिका एका मोठ्या कर्ण्यासमोर उभी राहून गाई, कर्ण्याच्या निमुळत्या टोंकास पातळ पडदा असे, आणि तो पडदा थरथरून मेणाच्या तबकडीवर रेघ ओढी. मध्यें वीज नाहीं, खुंटी नाहीं, कमी-अधिक करण्याची सोय नाहीं. मूळ मेणाच्या तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें जात आणि छापून परत येत. १९०८ सालीं सियालदह येथें कारखाना निघाल्यावर ही यात्रा संपली. गंमत अशी कीं, त्या छापील तबकड्यांतील लाख हिंदुस्थानचीच होती. पळस आणि कुसुम यांच्या फांद्यांवर किड्यांनीं केलेली ही लाख ज्या रानांतून गोळा होई, त्यांत मध्यप्रांताचींहि रानें होतीं, आणि वऱ्हाड त्या काळीं मध्यप्रांताशींच जोडलेला होता. बाजारांतून लाख बोटीनें परदेशीं गेली आणि गाणें होऊन परत आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या कर्ण्यांतून सेकंदाला सुमारें अडीचशें ते अडीच हजार कंपनांपर्यंतचाच ध्वनि तबकडीवर उतरे. काळी एक पट्टींत लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारें सत्तर कंपनांचा असतो. म्हणजे तो त्या तबकडीवर मुळांत नाहीं, आणि डग्ग्याची घुमारहि नाहीं. आजच्या सामान्य प्रीअँपनें ही तबकडी वाजविली तर तो ठरल्या नियमानें मंद्र भाग कैक पटींनीं वाढवितो. आणि तेथें गाणें नसल्यामुळें वाढतो तो यंत्राचा गडगडाट. तार भाग तो ठरल्या नियमानें उतरवितो. तेथें गायिकेच्या उच्चारांची जी थोडीबहुत धार शिल्लक होती तीच बोथट होते. नातवंडांना पांघरुणाखालचा आवाज ऐकूं येतो तो असा. त्यांत गायिकेचा किंवा लाखेचा दोष थोडा असतो, नियमाचा अधिक.

१९२५ सालीं विजेचें मुद्रण आलें. अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंतील मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनीं कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन आणून, विजेनें चालणारी कोरणी बसविली, आणि ध्वनीचा पट्टा खालीं शंभर व वर पांच हजार कंपनांच्या आसपास जाऊन पोंचला. पाठोपाठ लंडनमध्यें ॲलन ब्लूमलीन यानें आपली स्वतंत्र कोरणी तयार केली. १९३१ सालीं कोलंबिया आणि ग्रामोफोन या कंपन्या एक झाल्यावर हिज मास्टर्स व्हॉइसच्या तबकड्यांवरहि तिचें वळण आलें. मंद्र भाग कोठून खालीं कमी करावयाचा ती जागा या घराण्यांत साधारण अडीचशें ते तीनशें कंपनांच्या आसपास होती, आणि तार भाग बहुधा चढविलेला नसे. अमेरिकेंतल्या कंपन्यांचीं वळणें निराळीं. डेक्काचें आणखी निराळें. संगीतांतल्या घराण्यांप्रमाणेंच प्रत्येक कंपनीची चाल स्वतंत्र होती, आणि ती तबकडीच्या कागदी चकतीवर छापलेली नसे. रागाचें नांव असे, गायकाचें असे, कधीं साथीदारांचेंहि असे. हा आंकडा मात्र कोठेंहि नाहीं.

खां साहेब अब्दुल करीम खां यांचें उदाहरण यासाठीं फार बोलकें आहे. मिरजेस वस्ती करून राहिलेल्या या गायकाच्या तबकड्या दोन वेगळ्या काळांतल्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीं, ऐन तारुण्यांत, ते कर्ण्यासमोर गायले. आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९३४ ते १९३६ च्या सुमारास, ओडियन कंपनीसाठीं मायक्रोफोनसमोर गायले. १९३७ च्या ऑक्टोबरांत प्रवासांत असतां त्यांचें निधन झालें. झिंझोटींतील ‘पिया बिन नाहीं आवत चैन’ ही त्यांची ठुमरी आज ज्या रूपानें सर्वत्र ऐकूं येते तें दुसऱ्या काळांतलें. एकच गळा, परंतु दोन तबकड्यांना प्रीअँपच्या दोन वेगळ्या मांडण्या लागतात. पहिलीला मंद्र भागांत कांहींहि भर घालावयाची नाहीं. दुसरीला अडीचशें-तीनशेंच्या खालीं भर हवी. तेथें खुंटी थोडी मागें-पुढें करून, तंबोरा गायकाच्या पाठीशीं नीट बसला कीं थांबावयाचें. आणि आजच्या सामान्य प्रीअँपवर दोन्ही एकाच मुशींत ओतल्या जातात. विजेच्या काळांतील त्या तबकडीचा मंद्र भाग शंभर कंपनांच्या जागीं योग्य प्रमाणाच्या जवळजवळ पावणेदोनपट होतो, आणि पांच हजार कंपनांच्या जागीं आवाज दोन-पंचमांशावर येतो. ज्या गायकाची सारी कीर्ति सुराच्या अणकुचीदार, तंबोऱ्याच्या जवारींत मिसळून जाणाऱ्या लगावावर आहे, त्याच्या बाबतींत ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट राहत नाहीं. गायकाविषयीं बनणारें मतच बदलतें.

वेगाचाहि असाच प्रकार आहे, परंतु तो प्रीअँपचा प्रांत नव्हे, म्हणून ओझरता सांगणें पुरे. जुन्या तबकड्या सर्वच मिनिटास ७८ फेऱ्यांच्या नाहींत. ७२ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर फिरविली तर काळी एकचा गायक पांढरी दोनच्याहि वर चढतो, आणि त्याच्या ताना उगीचच चपळ वाटूं लागतात. आज विकलीं जाणारीं पुष्कळ टर्नटेबलें तर ३३⅓ आणि ४५ या दोनच वेगांचीं असतात; त्यांवर लाखेची तबकडी वाजविण्याचा विचारच करूं नये.

मग सर्वांचा एक नियम केव्हां झाला? १९४८ च्या जूनमध्यें अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादी तबकडी बाजारांत आणली. ती लाखेची नव्हती, व्हायनलची होती. महायुद्धांत हिंदुस्थानची लाख मिळेनाशी झाल्यावर अमेरिकेनें फौजेसाठीं जो दुसरा पदार्थ वापरून पाहिला तोच तिला उपयोगी पडला. खांचा बारीक झाल्या, त्याबरोबर कमी-अधिक करण्याचें महत्त्वहि वाढलें. आणि पुन्हां प्रत्येकाचें वळण निराळें. १९५४ सालीं अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-उद्योगाच्या संघानें, ज्याला आद्याक्षरांवरून आर. आय. ए. ए. म्हणतात, एक वळण ठरविलें आणि हळूहळू सर्व जगानें तें मान्य केलें. त्या नियमाप्रमाणें वाजवितांना वीस कंपनांचा स्वर आणि वीस हजार कंपनांचा स्वर यांच्या वाढींत जवळजवळ नव्वदपटीचें अंतर असतें. आज दुकानांत जो फोनो प्रीअँप मिळतो तो याच एका नियमाचा सेवक आहे.

या नियमाचा एक परिणाम मात्र फारसा कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत इंग्लंडमध्यें क्वाड, लीक अशा कारखान्यांचे जे निर्वात नळ्यांचे प्रीअँप निघाले त्यांवर वेगवेगळ्या वळणांसाठीं बटणें किंवा खुंटी असे. घरच्या श्रोत्याने कंपनी पाहून बटण दाबावें अशी अपेक्षा होती. पुढें नव्या तबकड्या एकाच वळणाच्या निघूं लागल्या, जुन्या माळ्यावर गेल्या, आणि कारखानदारांनीं बटणें काढून टाकलीं. १९७० च्या दशकांतल्या ॲम्प्लिफायरवर ‘फोनो’ एवढें एकच अक्षर उरलें. सोय झाली खरी. परंतु १९५४ च्या पूर्वींचें पन्नास वर्षांचें गाणें, त्यांत मराठी रंगभूमीचा सारा सुवर्णकाळ आला, त्या एका अक्षराच्या बाहेर राहिलें.

आपल्याकडील घरांत हा प्रश्न आणखी एका कारणानें दबून राहिला. १९२७ सालीं मुंबईस नभोवाणी सुरू झाली आणि १९४८ च्या जुलैमध्यें नागपूर केंद्र निघालें; तेव्हांपासून विदर्भांतील घराघरांत रेडिओचें महत्त्व वाढलें, आणि पुष्कळ रेडिओंच्या पाठीमागें ग्रामोफोन जोडण्याची जागा असे. तेथें जोडली जाणारी सुई बहुधा स्फटिकाची किंवा चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाची असे. ती चुंबकाच्या सुईसारखी वेगावर चालत नाहीं, झोक्याच्या रुंदीवर चालते. त्यामुळें तिच्यांतून वीज कितीतरी अधिक निघते आणि वळणाची दुरुस्ती बरीचशी आपोआप होते. ‘फिएस्टा’ या नांवाचें एच. एम. व्ही.चें जें वादक यंत्र पुढें मध्यमवर्गीय घरांत लोकप्रिय झालें त्याला निराळ्या प्रीअँपची गरजच नव्हती. ध्वनि कांहीं उत्तम नसे, आणि सुईचा दाबहि तबकडीला जड जाई. तरी त्या पिढीला हा शब्द शिकावा लागला नाहीं, आणि म्हणून पुढच्या पिढीला तो शिकविणारें घरांत कोणी उरलें नाहीं.

तेव्हां दारव्ह्याच्या त्या घरानें काय घ्यावें? पेटींत लाखेच्या तबकड्या असतील तर पहिला खर्च प्रीअँपवर करूंच नये. तो सुईवर करावा. लाखेच्या खांचेला सुमारें तीन सहस्रांश इंच त्रिज्येची सुई लागते, दीर्घवादी तबकडीला एक सहस्रांश किंवा त्याहून बारीक; बारीक सुई रुंद खांचेच्या तळाशीं जाऊन कचरा उकरीत बसते. त्यानंतर प्रीअँप असा पाहावा कीं ज्यावर दोन स्वतंत्र खुंट्या आहेत: एक मंद्र भागाची जागा ठरविणारी, दुसरी तार भागाचा उतार ठरविणारी, आणि दोन्ही अगदीं शून्यावर आणतां येतात. अशीं यंत्रें आज पुन्हां तयार होतात; जुन्या ध्वनिमुद्रणांचे संग्राहक आणि संग्रहालयें हें त्यांचें गिऱ्हाईक. मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांना एकत्र आणीत आहे, आणि हा विषय आपल्याकडे केवळ परदेशी चोचला नाहीं एवढें त्यावरून दिसतें. संगणकाशीं परिचय असेल तर प्रीअँपमधून कोणतेंहि वळण न देतां ध्वनि सरळ उतरवून घ्यावा आणि वळण मागाहून द्यावें; चुकलें तर पुन्हां देतां येतें आणि तबकडी झिजत नाहीं.

तिसरी गोष्ट डाव्या-उजव्या बाजू एक करण्याच्या बटणाची. लाखेच्या तबकडींत सुई आडवी हलते. आजची सुई आडवें व उभें दोन्ही टिपते, आणि धूळ व झीज बरीचशी उभ्या हालचालींत असते. दोन्ही बाजू एकत्र केल्या कीं उभी हालचाल स्वतःच्याच विरुद्ध उभी राहून नाहींशी होते. या एका बटणानें जेवढी खरखर जाते तेवढी पुष्कळ महागड्या यंत्रांनींहि जात नाहीं. शिवाय तबकडीवरच्या ओरखड्यांचे कडाके फार जोराचे असतात, तेव्हां ते सोसण्याइतका पल्ला प्रीअँपच्या अंगीं असावा. आणि विदर्भाच्या उन्हानें तबकड्या वांकल्या असतील तर अतिमंद्र डोलारा गाळणारी चाळण हवी.

येथें एक विषयांतर. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर या यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आकाशांत पाठविली. तींत केसरबाई केरकरांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे. त्या तबकडीसोबत सुईहि ठेवली आहे, आणि वेष्टनावर चित्रांनीं लिहिलें आहे कीं एक फेरा ३.६ सेकंदांत व्हावा. परलोकच्या अज्ञात श्रोत्यासाठीं एवढी काळजी घेतली गेली. बाईंच्या ज्या तबकड्या त्याच्या कितीतरी आधीं मुंबईंत निघाल्या, त्यांच्या वेष्टनावर दारव्ह्याच्या श्रोत्यासाठीं असें कांहींच लिहिलेलें नाहीं.

ज्या घरीं केवळ दीर्घवादी तबकड्या आहेत त्यांचा मार्ग सोपा. १९५५ च्या रामनवमीस पुणें केंद्रावरून सुरू झालेलें माडगूळकर-फडके यांचें ‘गीतरामायण’ पुढें अशा तबकड्यांवर आलें. त्यांना खुंट्या नकोत, आर. आय. ए. ए. चा एकच नियम नेमका पाळणारें आणि शांत यंत्र हवें. ॲम्प्लिफायरमध्यें आधींच असलेला प्रीअँप बरा असेल तर त्यावरच चालवावें, आणि नवा घ्यावयाचाच तर आपली सुई हलत्या चुंबकाची कीं हलत्या वेटोळ्याची हें पाहून त्या बेताची वाढ देणारा घ्यावा. चुंबकाच्या सुईला सत्तेचाळीस हजार ओहमचा भार हा सर्वमान्य आहे. घुरघुर ऐकूं आली तर यंत्र परत करण्यापूर्वीं टर्नटेबलाची भूमितार प्रीअँपच्या खिळ्याला नीट लावली आहे का तें पाहावें, व विजेचा अडाप्टर दूर सरकवावा. पन्नास कंपनांच्या विजेची ती घुरघुर अशा क्षीण लहरींत हटकून शिरते, आणि प्रीअँप तिला मंद्र स्वर समजून आणखी वाढवितो.

एक गुंता मात्र उरतो, आणि तो आपल्याच देशाचा आहे. अमेरिकेंत व युरोपांत लाखेच्या तबकड्या १९६० च्या आसपास बंद झाल्या. हिंदुस्थानांत त्या सुमारें १९७० पर्यंत निघत राहिल्या. त्यामुळें पेटींतली तबकडी ७८ फेऱ्यांची आहे एवढ्यावरून ती जुन्या वळणाची असें धरून चालत नाहीं. १९३५ पासून वीसेक वर्षें चाललेल्या मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीचा ‘यंग इंडिया’ छाप निघाला तर खुंटी जुन्या जागेपासून आरंभ करावी. १९६० नंतरच्या चित्रपटांतील गाणें निघालें तर बहुधा नव्या वळणावर. चकतीवर सालहि नसतें. नाटकाचें वा चित्रपटाचें नांव असतें, त्यावरून साल काढावें, आणि साल काढल्यावर खुंटी फिरवावी.